एडी पुढे झाला असता!

बालमित्रांनो, एरंडोलच्या मुलाला समुद्र दिसतो तो भूगोलाच्या पुस्तकात, नाहीतर सुट्टीत मुंबईच्या मामाकडे गेल्यावर. आपलं पाणी म्हणजे गावाजवळची अंजनी नदी, शेतातली विहीर आणि सहलीला गेलं की पद्मालयाचं कमळांचं तळं. पण पाणी लहान असो की मोठं, ते माणसाची परीक्षा सारखीच घेतं. म्हणूनच आज तुम्हाला फार दूरच्या, समुद्रावर वाढलेल्या एका घराची गोष्ट सांगणार आहे.

पॅसिफिक महासागराच्या मधोमध हवाई बेटं आहेत. तिथले लोक शेकडो वर्षांपासून लाकडी फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत किनाऱ्याला येतात. या खेळाला आज जग सर्फिंग म्हणतं. तिथल्या आयकाऊ घराण्यात हा खेळ सगळ्यांच्या अंगात भिनलेला होता. वडील सॉलोमन, आई हेन्रिएटा आणि सहा भावंडं. घरची परिस्थिती बेताचीच. १९५९ साली हे कुटुंब ओआहू बेटावर आलं आणि एका चिनी दफनभूमीची निगा राखत तिथेच राहू लागलं. १९४६ साली जन्मलेल्या एडीने शाळा सोडली आणि अननस डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम धरलं. काम संपलं की फळी घेऊन स्वारी समुद्रात!

याच बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर वाइमिया नावाची खाडी आहे. हिवाळ्यात दूर उत्तरेकडे वादळं होतात आणि त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर चालून इथे येतात. किनाऱ्याजवळ समुद्राचा तळ वर येतो, त्यामुळे लाटेचा खालचा भाग अडखळतो, मागचं पाणी चढत जातं आणि लाट भिंतीसारखी उभी राहते. कधी कधी तीन-चार मजली घराएवढी! १९६७ साली एडी या लाटांवर उतरला आणि बघणारे थक्क झाले.

पण एडीचा मोठेपणा वेगळाच आहे. १९६८ साली तो उत्तर किनाऱ्यावरचा पहिला जीवरक्षक झाला. जिथे अनुभवी पोहणारेही मागे सरत, तिथे तो फळी घेऊन आत जाई आणि बुडणाऱ्याला घेऊनच परत येई. त्याने शेकडो माणसं वाचवली. तो पहाऱ्यावर असताना वाइमियात एकही जीव गेला नाही, असं आजही तिथे अभिमानाने सांगतात. धाकटा भाऊ क्लाइडही त्याच्याबरोबर हेच काम करत असे.

इतक्या लोकांचे प्राण वाचवणाऱ्या या घरावर १९७३ साली घाला आला. व्हिएतनामच्या युद्धातून सुखरूप परतलेला भाऊ जेराल्ड मोटार अपघातात गेला. समुद्राने नेला नाही, युद्धाने नेला नाही, रस्त्याने नेला. एडी फार खचला.

त्याच सुमाराला हवाईत एक मोठं काम चाललं होतं. पूर्वजांसारखी दोन सांगाड्यांची शिडाची होडी बांधून, होकायंत्राशिवाय, फक्त तारे, लाटा आणि पक्षी बघत ताहिती बेट गाठायचं! ‘होकुलेआ’ नावाच्या या होडीने १९७६ साली ते करून दाखवलं. दुसऱ्या सफरीसाठी एडीची निवड झाली.

१६ मार्च १९७८. संध्याकाळी होडी निघाली तेव्हा वारं जोराचं होतं. एका सांगाड्यात पाणी भरलं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला होडी उलटली. सगळे रात्रभर तिला धरून राहिले. सकाळ झाली, तरी मदत नाही. काही जणांची ताकद संपत आली होती. तेव्हा एडी म्हणाला, मी फळीवरून लानाई बेटापर्यंत जातो आणि मदत आणतो. बेट कितीतरी मैल दूर होतं. सोबत थोडी संत्री घेऊन तो निघाला. लाटांमध्ये दिसेनासा झाला.

संध्याकाळी एका विमानातून होडीचे इशाऱ्याचे दिवे दिसले. होडीवरच्या बाकी सगळ्यांचा जीव वाचला. एडीचा शोध दिवसचे दिवस चालला, पण तो सापडला नाही. तेव्हा तो अवघा ३१ वर्षांचा होता.

मुलांनो, इथे गोष्ट संपली असती तर ती फक्त दुःखाची झाली असती. होडीच्या लोकांनी आपल्या चुका शोधल्या. तयारी नव्याने केली, सोबतीला दुसरी बोट ठेवली. १९८० साली होकुलेआ ताहितीला जाऊन सुखरूप परतली. वाइमियात एडीच्या नावाने स्पर्धा सुरू झाली. लाटा खूप मोठ्या असतील तरच ती होते, म्हणून कित्येक वर्षं होतच नाही. १९८७ साली ती जिंकली कोणी? क्लाइडने! भावाला नेणाऱ्या समुद्राकडे त्याने पाठ फिरवली नाही. २०१६ साली, साठी उलटल्यावरही तो या लाटांवर उतरला. २०२५ साली त्याचं निधन झालं. आणि २०२३ सालचा विजेता ल्यूक शेपर्डसन त्या दिवशी जीवरक्षकाच्या कामावर होता, बरं का! कामाच्या मधल्या सुट्टीत तो लाटेवर गेला आणि पुन्हा पहाऱ्यावर येऊन बसला. एडीला याहून चांगली आदरांजली कोणती?

हवाईत संकट आलं की लोक म्हणतात, “एडी पुढे झाला असता!” पण दोस्तांनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. एडीच्या पाठीशी लहानपणापासूनचा सराव होता. पोळ्याला बैल धुताना किंवा गणपती विसर्जनाला कोणी बुडताना दिसलं, तर तुम्ही पाण्यात उडी घ्यायची नाही. जोरजोरात ओरडून मोठ्यांना बोलवा. काठावर आडवं पडून बांबू किंवा दोर पुढे करा. बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन किंवा हवा भरलेली ट्यूब फेका. पुढे होणं म्हणजे आधी डोकं पुढे करणं!

आणि आई-बाबांनो, मूल पाण्याजवळ गेलं म्हणून नुसतं रागावू नका. अंगावर धाक असलेलं मूल एक दिवस चोरून विहिरीवर जातं. त्यापेक्षा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली त्याला पोहायला शिकवा. आयकाऊंच्या घराने दोन मुलं गमावली, तरी पाण्याशी वैर धरलं नाही. उलट दुसऱ्यांची मुलं सुखरूप घरी पोचावीत, म्हणून ते काठावर उभे राहिले. पुढच्या पावसात अंजनीला पूर आला की आपल्यालाही तेवढंच करायचं आहे.