फळ्यावरची उभी रेघ

इतिहासाच्या तासाला फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढली की आठवीच्या वर्गाला पुढचं काही सांगावं लागत नाही. मुलं वहीच्या पानाची उभी घडी घालतात, डावीकडे ‘लोकसभा’ लिहितात, उजवीकडे ‘राज्यसभा’ लिहितात आणि गाईड उघडतात. मुदत पाच वर्षं, मुदत सहा वर्षं. किमान वय पंचवीस, किमान वय तीस. ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न आपल्या कितीतरी पिढ्यांनी याच घडीवर सोडवला. मीही सोडवला आणि पुढे शिक्षक झाल्यावर तसाच सोडवून घेतला.

एकदा असाच तक्ता भरून झाल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “सर, ग्रामसभेत किती खासदार असतात?” वर्ग हसला. नंतर लक्षात आलं की चूक तिची नव्हती. लोकसभा, विधानसभा, ग्रामसभा, आमसभा या सगळ्यांच्या शेवटी ‘सभा’ आहे. पण लोकसभेत लोकांनी निवडून दिलेले बसतात आणि ग्रामसभेत खुद्द मतदार बसतात. निवडून दिलेल्यांची असते ती ग्रामपंचायत. तिचा तक्ता मी सहावीतच पूर्ण करून घेतला होता, उत्तरं बरोबरही आली होती. पण ‘इथे कोण बसतं?’ हा प्रश्न कोणत्याच तक्त्यात नव्हता, कारण तो मी घातलाच नव्हता.

तुलनेच्या आकृत्यांबद्दल मला जे म्हणायचं आहे ते त्या मुलीच्या प्रश्नातच आहे. आकृती सुबक आहे की नाही हा मुद्दा गौण. तुलना कोणत्या निकषांवर करायची आणि ते निकष कोणी ठरवायचे, यावर सगळं अवलंबून असतं.

वर्तुळं आली कुठून?

एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं आपल्याकडच्या मुलांना नववीच्या गणितात, ‘संच’ या पाठात भेटतात. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांत तर्कशास्त्र समजावताना वर्तुळं वापरली. इंग्लंडच्या जॉन वेननं १८८० मध्ये ती पद्धत नीट बांधली आणि नाव त्याचं राहिलं. शाळेच्या इतर विषयांत अशा आकृत्या येण्यामागे विसाव्या शतकातलं मानसशास्त्र आहे. डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६० च्या सुमारास मांडलं की नवं ज्ञान जुन्या ज्ञानाच्या खुंटीला अडकवावं लागतं, नाहीतर ते गळून पडतं. त्याच विचारावर जोसेफ नोव्हाक यांनी अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात १९७० च्या दशकात संकल्पनाचित्रं उभी केली. डेव्हिड हायर्ली यांनी तुलनेसाठी ‘दुहेरी बुडबुडा’ दिला: दोन मोठे बुडबुडे, मधे दोघांना जोडणारे समान गुण आणि कडेला प्रत्येकाचे वेगळे. रॉबर्ट मार्झानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या पुस्तकात परिणामकारक अध्यापनपद्धतींची यादी दिली, तिच्यात साम्य आणि फरक ओळखणं अगदी वरच्या जागी होतं.

आपल्या पाठ्यपुस्तकांतही हे रुळलं आहे. दहावीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या चाळीस गुणांच्या पेपरात ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ हा प्रश्न मुलांच्या सवयीचा आहे. त्यातलं ‘पूर्ण करा’ मात्र मला खुपतं. चौकट दुसऱ्यानं आखायची, मुलानं रिकामी घरं भरायची. स्मरणाची परीक्षा त्यातून होते, तुलनेची होत नाही.

तक्ता आणि त्याचा डावा रकाना

लोकसभा आणि राज्यसभेकडेच परत येऊ. दोनऐवजी तीन रकाने पाडायचे आणि डावीकडच्या पहिल्या रकान्यात निकष लिहायचे. ते मुलांनी सुचवायचे आणि प्रश्नाच्या रूपात लिहायचे. ‘मुदत’ हा शब्द पुसून ‘हे सभागृह कधी विसर्जित होतं?’ असं लिहिलं की राज्यसभेच्या घरात ‘कधीच नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात’ हे उत्तर येतं. मग ‘असं का केलं असेल?’ हा प्रश्न आपोआप निघतो. ‘पैशाच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा?’ असं विचारलं की कळतं, अर्थविधेयक राज्यसभा फार तर चौदा दिवस ठेवून घेऊ शकते. ‘सरकार कोणाला जबाबदार?’ याचं उत्तर लोकसभा. इथवर राज्यसभा दुबळी दिसते. तेवढ्यात ‘राज्यसभेशिवाय काय अडतं?’ असा निकष कोणी सुचवला, तर संविधानाचं २४९ वं कलम उघडावं लागतं: राज्यसूचीतल्या विषयावर संसदेनं कायदा करावा असा ठराव राज्यसभाच दोन तृतीयांश बहुमतानं करू शकते. दुबळ्या वाटलेल्या सभागृहाच्या नावात ‘राज्य’ का आहे, ते तेव्हा उमगतं.

हाच तक्ता मुंबईला आणला की शिक्षकांनाही आपली जागा सापडते. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि विधानपरिषदेत ७८ सदस्य. परिषदेत ३० जण आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून आलेले, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. ‘सर, तुम्हाला दोन मतं जास्त का?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याच्या उत्तरासाठी अख्खा तास दिला तरी तो वाया जात नाही.

वर्तुळांच्या पोटात काय सापडतं

मवाळ आणि जहाल हा आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला सर्वांत घोटलेला फरक. अर्ज-विनंत्या एकीकडे, चतुःसूत्री दुसरीकडे. गोखले एका रकान्यात, टिळक दुसऱ्यात. रेघ इतकी ठळक, की दोघं जणू दोन वेगळ्या देशांत राहत होते.

या विषयाला मी रकाने देत नाही. मैदानावर दोरीची दोन मोठी वर्तुळं एकमेकांत घालून ठेवतो आणि मुलांच्या हातात चिठ्ठ्या देतो. एका चिठ्ठीवर ‘रत्नागिरी जिल्ह्यात जन्म’. टिळक रत्नागिरीत जन्मले, गोखले कोतळूकला. चिठ्ठी मधल्या भागात जाते. ‘डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिक्षक’ मध्ये. ‘गणित शिकवलं’ मध्ये. ‘वृत्तपत्राचं संपादन’ही मध्ये: एकाचा केसरी, दुसऱ्याकडे सुधारकाची इंग्रजी बाजू. ‘मुंबई कायदेमंडळाचे सदस्य’ ही चिठ्ठी घेतलेला मुलगा थेट गोखल्यांच्या बाजूला पळतो. टिळकही १८९५ मध्ये त्या मंडळावर निवडून गेले होते, हे सांगितलं की तो चिठ्ठी घेऊन मागे फिरतो. मग ‘वंगभंगाचा निषेध’. गोखल्यांनी १९०५ च्या बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून तो केला होता. तीही मध्येच.

अर्ध्या तासात मधला भाग चिठ्ठ्यांनी भरून जातो आणि खरा प्रश्न उभा राहतो: इतकं समान असताना १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली कशावरून? आता मुलं बाजूच्या भागांत काय टाकायचं याचा नीट विचार करतात. संमतिवयाच्या कायद्यावरचा वाद, सरकारवर दबाव आणण्याची रीत, बहिष्कार बंगालपुरता की देशभर, राजद्रोहाच्या शिक्षा. फरकाच्या चिठ्ठ्या थोड्या असतात, पण वजनदार असतात. साम्य आधी मांडलं की फरक कुठे रुततो ते दिसतं. घडी घातलेल्या पानावर हे दिसत नाही, कारण तिथे मधली जागाच नसते.

एका वर्षी एका मुलानं वर्तुळांच्या बाहेर उभं राहून विचारलं, “फुले कुठे?” सत्यशोधक समाज पुण्यातच, १८७३ मध्ये स्थापन झालेला. जोतीरावांनी सार्वजनिक सभेच्या ‘सार्वजनिक’पणावरच बोट ठेवलं होतं. तिसरी दोरी आणावी लागली. ती टाकल्यावर मधल्या भागातल्या कितीतरी चिठ्ठ्या तिच्याबाहेर राहिल्या, आणि मवाळ-जहाल हे एकाच अंगणातलं भांडण होतं हे मुलांनी मला दाखवून दिलं. दोनच्या आकृतीचा हा मोठा दोष. ती तिसऱ्याला दाराबाहेर ठेवते.

महाड आणि दांडी

इतिहास आणि नागरिकशास्त्र एकाच पुस्तकात असूनही वर्गात ते सावत्र भावंडांसारखे राहतात. त्यांना एकत्र आणणारी तुलना म्हणून मी दरवर्षी महाड आणि दांडी घेतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललं. दोन्हींना सत्याग्रह म्हणतात. दोन्ही निसर्गानं सर्वांना दिलेल्या गोष्टींसाठी होते. दोन्हीकडे सत्याग्रहींनी मार खाल्ला.

‘समोर कोण होतं?’ या निकषापाशी वाटा फुटतात. दांडीला परकं सरकार, महाडला शेजारी. पुढचा निकष सुचवायला मुलांना वेळ लागतो, पण तोच सगळ्यात मोलाचा: ‘कायदा कोणाच्या बाजूनं होता?’ दांडीला कायदा मोडायचा होता. महाडला उलट होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळानं १९२३ मध्येच केला होता. महाडच्या नगरपालिकेनंही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर मिळालेला हक्क अंमलात आणायला लोक गेले, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. या घरात एक उत्तर पुरत नाही. १९२७ च्याच डिसेंबरमध्ये विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला आणि उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. ‘ठराव’, ‘हुकूम’, ‘निकाल’ अशा तीन ओळी एकाच चौकोनात दाटीवाटीनं लिहाव्या लागतात.

शेवटचा निकष ‘पुढे काय उरलं?’ मिठावरचा कर १९४७ मध्ये गेला. महाडसाठी मुलांना संविधान उघडून पंधराव्या कलमाचं दुसरं उपकलम वाचायला लावतो. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराला धर्म, जात, लिंग यांवरून मज्जाव करता येणार नाही, असं तिथे लिहिलं आहे. इतक्या मोठ्या दस्तऐवजात विहीर आणि तलाव का आले, हे महाडचा रकाना भरलेल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

तुलना हे आपल्याकडच्या विचारवंतांचं जुनं हत्यार आहे, हेही इथेच सांगता येतं. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत विल्यम ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन देशांतल्या पीडितांच्या स्थितीतलं साम्य मांडलं. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरनं आपलं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं.

रेघ ओलांडणारे हक्क

तक्त्याला काळ कळत नाही. मूलभूत हक्क डावीकडे, मार्गदर्शक तत्त्वं उजवीकडे, मधे रेघ. पण शिक्षणाचं घर कोणतं? १९५० मध्ये ते तत्त्वांच्या बाजूला होतं. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनं कलम २१क आलं आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण रेघ ओलांडून हक्कांत गेलं. शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं मूलभूत हक्कांतून बाहेर पडला. म्हणून या तक्त्यात मी बाण काढायला लावतो आणि बाणावर साल लिहायला सांगतो. शिक्षणाच्या बाणाची शेपटी थेट १९११ पर्यंत नेता येते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक गोखल्यांनी त्या वर्षी केंद्रीय कायदेमंडळात मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही. मवाळांच्या रकान्यात ‘अर्ज-विनंत्या’ एवढंच लिहून मोकळे झालेले आपण, त्यातला एक अर्ज ९१ वर्षांनी संविधानात पोचलेला पाहतो.

जपायच्या गोष्टी

या आकृत्यांचं कौतुक करताना त्यांच्या खोडीही सांगायला हव्यात. पहिली, समसमान मुद्द्यांचा हट्ट. डावीकडे चार मुद्दे असले की उजवीकडेही चारच हवेत म्हणून मुलं एखादा फुसका मुद्दा रचतात. रिकामं घर रिकामं राहू द्यावं, तेही एक उत्तर असतं. दुसरी, चांगलं-वाईट. एक रकाना नायकाचा झाला की दुसरा खलनायकाचा होतो आणि तुलनेचा निकाल आधीच लागतो. तिसरी, विजोड जोड्या. शिवकालीन अष्टप्रधान मंडळ आणि आजचं मंत्रिमंडळ शेजारी ठेवायला हरकत नाही, पण ‘नेमणूक कोण करतं आणि काढू कोण शकतं?’ हा निकष नसेल तर राजेशाही आणि लोकशाही यांतला फरकच पुसला जातो. चौथी खोड सर्वांत मोठी: आकृती झाली की काम झालं असं वाटणं. आकृती म्हणजे मळून ठेवलेलं पीठ, पोळी अजून लाटायची असते. म्हणून आकृतीखाली पाच ओळींचा परिच्छेद हवाच, आणि त्याची सुरुवात ‘सर्वांत महत्त्वाचा फरक असा की’ इथून हवी. कोणता फरक सर्वांत महत्त्वाचा आणि का, हे ठरवताना मूल इतिहासकाराचं काम करू लागतं.

यासाठी रंगीत चार्ट, प्रोजेक्टर, तयार संच काही लागत नाही. खडू, दोरी, जुन्या कॅलेंडरची मागची बाजू आणि गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावरची ग्रामसभेची नोटीस पुरते. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही पुढच्या ग्रामसभेला मंदिराच्या ओट्यावर बसून, समोरची माणसं मोजून शोधलं. तिनं वहीत लिहिलं, ‘ग्रामसभेत खासदार नसतात, माझी आजी असते.’

दिवाळीची सुट्टी संपेल, दुसरं सत्र सुरू होईल आणि कुठल्या ना कुठल्या तासाला फळ्यावर पुन्हा ती उभी रेघ येईल. शिक्षकमित्रांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांना एवढीच विनंती: रेघ खुशाल ओढा, पण तिच्या डावीकडे आणखी एक रकाना सोडा. तो तुम्ही भरू नका. खडू मुलाच्या हातात द्या.