साखरेचा अंगरखा बदलणारा जिवाणू

घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या नाकात, अगदी आत घशाच्या वरच्या बाजूला, आत्ता या क्षणी न्यूमोकोकस मुक्काम ठोकून असण्याची चांगलीच शक्यता आहे. घाबरू नका. बहुतेक मुलांमध्ये तो काही आठवडे राहतो आणि निघून जातो. पण कधी तो फुफ्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो, कधी रक्तात शिरतो, तर कधी थेट मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. नातवंडांच्या नाकातून तो आजीआजोबांकडेही जातो. म्हणूनच या इवल्या जिवाणूच्या करामती माहीत असायला हव्यात.

थुंकीतून लागलेला शोध

1881 साली दोन शास्त्रज्ञांनी एकमेकांच्या नकळत या जिवाणूची नोंद केली. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांना तो रेबीजने दगावलेल्या एका मुलाच्या लाळेत सापडला. अमेरिकेतले लष्करी डॉक्टर जॉर्ज स्टर्नबर्ग यांना सापडला तो त्यांच्या स्वतःच्याच लाळेत! स्टर्नबर्ग ठणठणीत होते, पण तीच लाळ टोचलेले ससे मेले.

अंगरखे शंभराहून जास्त

न्यूमोकोकसच्या अंगावर शर्करेच्या लांब साखळ्यांचं आवरण असतं. हा त्याचा अंगरखा. त्याच्यामुळे आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. आजवर असे शंभराहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक आहे: 14, 19ए, 23एफ वगैरे. सध्याच्या लसी शरीराला हा अंगरखाच ओळखायला शिकवतात. आतला जिवाणू कोणत्या कुळाचा, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. पुढची सगळी गंमत, आणि सगळा धोकाही, इथूनच सुरू होतो.

मेलेल्याकडून घेतलेली जनुकं

1928 साली लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी उंदरांना दोन गोष्टी एकत्र टोचल्या: अंगरखा नसलेले जिवंत न्यूमोकोकस, आणि उष्णता देऊन मारलेले अंगरखाधारी न्यूमोकोकस. वेगवेगळे टोचले तर दोन्ही निरुपद्रवी. एकत्र टोचल्यावर मात्र उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात अंगरखा घातलेले जिवंत जिवाणू मिळाले. जिवंतांनी मेलेल्यांकडून काहीतरी उचललं होतं. ते काहीतरी म्हणजे डीएनए, हे 1944 साली न्यूयॉर्कमध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी दाखवून दिलं. आनुवंशिकतेचा कारभार डीएनएकडे असतो याचा पहिला भक्कम पुरावा या न्यूमोनियाच्या जिवाणूने दिला! ग्रिफिथ यांना मात्र ते पाहायला मिळालं नाही. 1941 साली लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला होता.

हीच उचलेगिरी न्यूमोकोकस आजही रोज करतो, आणि औषधांना न जुमानण्याची ताकदही त्याने अशीच मिळवली आहे. पुष्कळ जिवाणू पेनिसिलिनचे तुकडे करणारं विकर तयार करतात. न्यूमोकोकस तसं करत नाही. पेनिसिलिन ज्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, त्या प्रथिनांचीच घडण तो बदलून टाकतो. त्यासाठी लागणारे जनुकांचे तुकडे तो आपल्याच तोंडात राहणाऱ्या निरुपद्रवी भाऊबंदांकडून उचलतो. स्ट्रेप्टोकोकस मायटिस हा त्यातला एक. आणखी एक विलक्षण बाब अशी, की या प्रथिनांच्या जनुकांपैकी दोन जनुकं अंगरख्याच्या जनुकांच्या अगदी दोन बाजूंना बसलेली आहेत. त्यामुळे डीएनएचा एकच लांब तुकडा उचलला, तर नवा अंगरखा आणि औषधाला विरोध, दोन्ही एकाच फटक्यात मिळू शकतात.

स्पेनहून आइसलँडला

पेनिसिलिनला दाद न देणारा न्यूमोकोकस 1967 साली ऑस्ट्रेलियात नोंदवला गेला. 1977 साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये आणि पाठोपाठ जोहान्सबर्गमध्ये तो मुलांच्या वॉर्डांत सापडला. आइसलँडमध्ये 1988 पर्यंत असा जिवाणू जवळपास नव्हताच. 1993 पर्यंत मात्र तिथल्या न्यूमोकोकसांपैकी सुमारे वीस टक्के पेनिसिलिनला विरोध करू लागले. त्यातले बरेचसे स्पेनमध्ये आधीपासून असलेल्या एका कुळातले निघाले. मुलांना ऊठसूट अँटिबायोटिक देणं कमी झालं आणि आकडा खाली आला. माझ्या मते ही गोष्ट प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावण्याजोगी आहे.

स्पेनच्याच दुसऱ्या एका कुळाच्या 240 नमुन्यांचा जनुकसंच वाचून शास्त्रज्ञांनी 2011 साली निष्कर्ष मांडले. मूळ एकच, तरी डीएनए उचलण्याच्या घटना सातशेहून जास्त, आणि अंगरखा बदलला दहा वेळा! थायलंड-म्यानमार सीमेवरच्या माएला निर्वासित छावणीतून मिळालेल्या 3,085 जनुकसंचांच्या अभ्यासात आणखी एक धागा सापडला: अंगरखा नसलेले न्यूमोकोकस डीएनएची देवघेव सर्वांत जास्त करतात. स्वतः फारसे आजार न देणारे हे उघडे जिवाणू जनुकांचा बाजार जोरात चालू ठेवतात.

मग लसीचा उपयोग काय?

खूप. अमेरिकेत 2000 साली सात प्रकारांविरुद्धची लस बाळांना द्यायला सुरुवात झाली. 1999 ते 2004 या काळात पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या न्यूमोकोकसचे गंभीर आजार 57 टक्क्यांनी घटले, दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये तर 81 टक्क्यांनी. लस बाळांना टोचली, पण पासष्टीपुढच्यांमध्येही हे आजार जवळपास निम्म्यावर आले. यामागचं कारण फार सुंदर आहे. जे प्रकार मुलांच्या नाकात सर्वाधिक राहत, त्यांनाच अँटिबायोटिकचा मारा सर्वाधिक सोसावा लागे. त्यामुळे औषधविरोधही त्यांच्यातच साचला होता, आणि लसीने नेमके तेच प्रकार टिपले.

पुढे लसीत नसलेला 19ए बोकाळला. 2010 च्या तेरा प्रकारांच्या लसीत त्याला घेतलं, तर 35बी पुढे आला. ही शर्यत चालूच आहे, पण तिच्यात मुलं वाचत आहेत, हे विसरता कामा नये.

या शर्यतीत पुण्याचा वाटा मोठा. सीरम इन्स्टिट्यूटच्या दहा प्रकारांच्या ‘न्यूमोसिल’ लसीला 2019 च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. 19ए तिच्यात आहे. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात न्यूमोकोकसची लस 2017 साली हिमाचल प्रदेश आणि बिहार, उत्तर प्रदेशातल्या काही जिल्ह्यांपासून सुरू झाली आणि 2021 मध्ये देशभर पोहोचली. बाळाला ती दीड महिन्यांचं, साडेतीन महिन्यांचं आणि नऊ महिन्यांचं असताना सरकारी केंद्रात मोफत मिळते.

आणि ताजी खबर: 2024 साली अमेरिकेत मोठ्यांसाठी एकवीस प्रकारांची लस मंजूर झाली. बाळांच्या लसीतले बरेच जुने प्रकार तिच्यातून मुद्दाम वगळले आहेत, कारण बाळांच्या लसीकरणामुळे मोठ्यांनाही त्यांचा त्रास फारसा उरलेला नाही. त्या जागी जे नवे प्रकार घेतले, त्यांत 35बी आहे.