वाराशी बांधलेली गोळी

"घेते की मी गोळ्या," असं म्हणत ती पत्र्याच्या पेटीतून माला-एनचं पाकीट काढते. अठ्ठावीसपैकी सहाच गोळ्या गेलेल्या, त्याही मधूनमधून फोडलेल्या. नवरा पुण्याला बांधकामावर असतो, पंधरवड्यानं घरी येतो. तो आला की ती गोळी घेते. डोकं दुखलं की गोळी, ताप आला की गोळी, तशीच ही. तिचा हिशेब चुकला आहे, पण तो वेडगळ नाही. आजवर तिनं पाहिलेली प्रत्येक गोळी अशीच घ्यायची होती. ही गोळी वेगळी आहे, हे तिला कुणी समजावलेलं नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, तेव्हा हा विषय चारचौघांत काढायचीही सोय नव्हती. शंभर वर्षांनी चित्र पालटलं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ९९ टक्क्यांहून अधिक विवाहित स्त्री-पुरुषांना निदान एक तरी आधुनिक साधन ऐकून माहीत होतं. म्हणजे नावं घरोघरी पोचली. अडतं ते रीतीपाशी. पाकिटावरची रीत ज्याला वाचता येत नाही, त्याला ती तोंडानं आणि हातानं सांगावी लागते.

आधी माला-एन घेऊ. बाईच्या शरीरात साधारण दर महिन्याला एक बीज तयार होऊन बाहेर पडतं. गोळी ते बाहेर पडू देत नाही. हे काम राखणीसारखं आहे. जोंधळा हुरड्यात आला की राखण रोज करावी लागते. पाखरं उतरल्यावर गोफण शोधून काय उपयोग? म्हणून नवरा घरी असो वा नसो, गोळी रोज घ्यायची. पाळी आल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली गोळी, मग बाणाच्या दिशेनं रोज एक. रात्रीची भांडी आवरली की गोळी, अशी कामाशी सांगड घातली की घड्याळ लागत नाही. एकवीस पांढऱ्या गोळ्या संपल्या की सात तपकिरी येतात. त्या लोहाच्या. त्या दिवसांत पाळी येते. अठ्ठाविसावी संपली की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट, मध्ये खाडा नाही. एखादी राहिलीच, तर आठवताच घ्यावी आणि पुढची ठरल्या वेळी. सलग दोन-तीन राहिल्या, तर गोळ्या चालू ठेवून निदान सात दिवस निरोध वापरावा आणि आशाताईंना विचारावं. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या बाईनं ही गोळी घेऊ नये. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं.

पाजणाऱ्या आईला 'छाया' चालते, तिच्यात संप्रेरक नसतं. ही गोळी रोजची नाही, वाराची आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. तो मंगळवार असेल तर दुसरी शुक्रवारी. तीन महिने असं आठवड्यातून दोनदा, नंतर फक्त मंगळवारी. आणि वार लक्षात ठेवायला आपल्या बायकांना अक्षर कशाला हवं? सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय गावाच्या बाजाराचा वार वेगळाच. उपवासाचा वार जिला वर्षानुवर्षं चुकत नाही, तिला गोळीचा वारही चुकणार नाही. सुरुवातीला पाळी लांबू शकते, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. नाहीतर दिवस राहिले या धास्तीनं ती गोळी सोडून देते. पाळी पंधरा दिवसांहून जास्त लांबली, तर तपासणी करून घ्यावी.

'अंतरा' हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. सुई दिलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. पाळी अनियमित होते, कधी थांबते. मग शंका येते, रक्त पोटात साठतंय का? नाही. गर्भपिशवीचं आतलं अस्तर वाढतच नाही, म्हणून रक्त येत नाही. इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात, हेही आधी सांगावं.

गर्भपिशवीत बसवायच्या तांबीबद्दलची भीती अशी, की ती वर चढून काळजात जाते. इथे मूठ दाखवावी. पिशवी साधारण एवढीच, खाली तोंड असलेली, आणि तिथून काळजाकडे वाट नाही. तांबी क्वचित निसटते, ती बहुधा खालूनच बाहेर पडते. एक तांबी पाच वर्षांची, दुसरी दहा वर्षांची. मूल हवं झालं की कधीही काढून घेता येते.

आता नवऱ्याकडे वळू. त्याच सर्वेक्षणात देशात ऑपरेशन झालेल्या बायका ३७.९ टक्के आहेत आणि पुरुष नसबंदी अवघी ०.३ टक्के. खरं तर बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांची असते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. तरी नसबंदीनं कमजोरी येते, हा समज घट्ट बसला आहे. पुरुषाची ताकद ज्या संप्रेरकावर चालते ते रक्तातून जातं, नसबंदीत बांधलेल्या बीजाच्या नळीतून नाही. मात्र आधीचं बीज नळीत उरलेलं असतं, म्हणून तीन महिने निरोध वापरून मग तपासणी करायची. हे न सांगितल्यानं दिवस राहिले, तर संशयाचं बोट बायकोकडे वळतं.

म्हणून सांगताना दोघांना समोर बसवावं. आणि शेवटी "कळलं का?" असं विचारू नये, त्याला उत्तर एकच येतं, "हो." पाकीट तिच्या हातात द्यावं आणि म्हणावं, "आज यातली कुठली घ्यायची, दाखव बरं." नवऱ्यालाही तेच विचारावं. दोघांचं बोट बरोबर त्या गोळीवर पडलं, की समजावं, आपलं सांगणं पोचलं. तोवर ते अपुरंच आहे.