उपचारतज्ज्ञांचे न संपणारे शिक्षण

स्मरणिकेत विद्यार्थ्यांच्या शिक्षणाविषयी लिहिले जाते, शिक्षकांच्या शिक्षणाविषयीही लिहिले जाते. येथे आम्ही तिसऱ्याच एका वर्गाच्या शिक्षणाविषयी लिहीत आहोत. ज्या मुलांना बोलता येत नाही, किंवा ज्यांचे बोलणे घराबाहेर कोणालाच समजत नाही, अशा मुलांसाठी काम करणारे वाचा-उपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक पदवी मिळाल्यानंतर काय शिकतात, आणि त्यांचे शिकणे थांबले तर मुलाचे काय होते, हा आमचा प्रश्न आहे. पालकांना तो दूरचा वाटेल. परंतु सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहिरेपण घर पाहून येत नाही.

या विद्येची भारतातील पाळेमुळे बऱ्याच अंशी मुंबईतच आहेत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ ची. त्याच सुमारास, १९६६ साली, नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचे शिक्षण सुरू झाले. १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली; तीच आज ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. त्यांच्या कन्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांनी एका बोटाने अक्षरे टंकित करून आत्मचरित्र लिहिले, आणि त्याचे नावही ‘वन लिटल फिंगर’ असेच ठेवले. वांद्रे रेक्लमेशनवरील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ९ ऑगस्ट १९८३ रोजी सुरू झाली. आपल्या जुहूतही एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या संकुलात विशेष शिक्षणाचा विभाग आहे, आणि चर्च रोडवर दिलखुश ही विशेष शाळा आहे.

एवढी परंपरा असताना पदवीनंतर पुन्हा शिकण्याची गरज का पडावी? कारण साधने बदलली आणि त्यांच्यामागचा विचारही बदलला. पूर्वीच्या उपचारात आरसा, जिभेचे व्यायाम आणि चित्रांचे तक्ते यांवर भर असे. मुलाच्या तोंडून शब्द काढणे हे ध्येय असे. १९७१ मध्ये टोरांटोतील शिक्षकांनी चार्ल्स ब्लिस यांची चिन्हलिपी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या हाती दिली. मुले चिन्हांकडे बोट किंवा नजर नेऊन मनातले सांगू लागली. त्यातून पुढे पर्यायी व पूरक संवाद ही स्वतंत्र शाखा उभी राहिली. आज तीच चिन्हे टॅब्लेटवर असतात. चिन्हाला स्पर्श केला की यंत्र तो शब्द उच्चारते. हात चालत नसेल तर डोक्याने दाबायचे बटण असते, नुसत्या नजरेने चालणारी यंत्रेही असतात. ज्या तज्ज्ञाने १९९० मध्ये पदवी घेतली, त्याच्या अभ्यासक्रमात टॅब्लेट असणे शक्यच नव्हते.

म्हणून कायद्याने सोय केली. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ चा. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांना व्यवसाय करता येत नाही, आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षणांना उपस्थित राहून गुण जमवावे लागतात. व्यवस्था चांगली आहे. मात्र दोन दिवस सभागृहात बसून प्रमाणपत्र मिळते, तेवढ्याने यंत्र मुलाच्या उपयोगी पडत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्हा शालेय शिक्षकांनाही असली प्रशिक्षणे अपरिचित नाहीत!

खरा अभ्यास कोठे आहे, हे मराठीच्या उदाहरणाने लगेच कळते. बहुतेक संवाद-फलकांची रचना मुळात इंग्रजीसाठी झाली. तेथे ‘मी’ चे एक चित्र, ‘हवे’ चे एक, ‘पाणी’ चे एक. तीन चित्रे दाबली की वाक्य झाले. मराठी मूल ‘मी हवे पाणी’ म्हणत नाही. ते ‘मला पाणी हवे’ म्हणते. ‘मी’, ‘मला’, ‘माझे’ ही निराळी बटणे लागतात. शाळा या शब्दाला प्रत्यय लागला की ‘शाळेत’ होते, भाऊ चे ‘भावाला’ होते. शब्दाचे अंगच बदलते. मुलीने ‘जाणे’ चे चित्र दाबले आणि यंत्र ‘मी जातो’ म्हणाले, तर ती बोलली खरी, पण दुसऱ्या कोणाच्या तोंडाने. इंग्रजीत नकाराला एक ‘नो’ पुरते. आपल्याकडे ‘नको’ आणि ‘नाही’ यांत केवढे अंतर आहे! ज्या मुलाला आयुष्यभर दुसऱ्यांनीच भरवले, न्हाऊ घातले, उचलून ठेवले, त्याच्या फलकावर पहिल्याच पानावर ‘नको’ असायला हवे. हे सारे कोणत्याही यंत्राच्या माहितीपुस्तकात मिळणार नाही. ते मराठी घरांत काम करणाऱ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून शिकायचे आहे. घरात ‘भाकर’ म्हणत असतील तर फलकावरही ‘भाकर’ च हवी, ‘सँडविच’ नव्हे.

या दृष्टीने पवईच्या आय.आय.टी. तील अभिकल्प विभागाने तयार केलेले ‘जेलो’ हे ॲप पालकांनी अवश्य पाहावे. ते विनामूल्य आहे आणि मराठीतही आहे.

पालकांच्या मनात एक भीती असते: यंत्र हाती दिले तर मूल बोलण्याचा प्रयत्नच सोडून देईल. काही जुने उपचारतज्ज्ञही तसेच सांगतात. परंतु २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांच्याविषयी भक्कम पुरावा होता अशा २७ व्यक्तींपैकी एकीचेही बोलणे घटले नव्हते. बहुतेकांचे वाढले होते. हा निष्कर्ष ज्याच्यापर्यंत पोहोचला नाही, तो तज्ज्ञ आजही मुलाला आणखी पाच वर्षे थांबायला सांगेल. भाषा रुजण्याची वये तेवढ्यात निघून जातात.

कानाच्या आत बसवल्या जाणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटचेही तसेच आहे. केंद्र सरकारच्या ‘ॲडिप’ योजनेतून पात्र मुलांना ते मिळते. त्यासाठी आर्थिक मदतीची तरतूद आहे, आणि वांद्र्याची संस्था या कामाची समन्वयक आहे. शस्त्रक्रियेला काही तास लागतात. त्यानंतर यंत्राचे वारंवार जुळवणे आणि ऐकायला शिकवणे प्रदीर्घ काळ चालते, आणि ते ज्याला येते असा तज्ज्ञ बस किंवा लोकलने पोहोचता येईल इतक्या अंतरावर लागतो. तालुक्याच्या गावी तो नसेल, तर महागडे यंत्र कपाटात जाते.

प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाची एक खूण आम्ही पालकांना सांगू शकतो. तो मुलाला फक्त ‘हे दाखव, ते दाखव’ म्हणत नाही. तो स्वतः बोलताना फलकावरच्या चित्रांना बोट लावत बोलतो, आणि आईवडिलांनाही, आजीलाही तसे करायला शिकवतो. कारण जी भाषा भोवताली कोणीच वापरत नाही, ती कोणतेही मूल शिकत नाही. फलक वर्गात आणि जेवणाच्या पंगतीतही बरोबर असावा, असा आग्रह तो शाळेकडे धरतो. असा तज्ज्ञ आपल्या शाळेत आला, तर त्याच्यासोबत शिक्षकांनी आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांनीही तासभर बसावे.