कैची चालविण्यापूर्वी : चित्रपटाच्या धंद्यातील चाचणी

ताग्यावर एकदा कैची चालली की कापड पुन्हा अखंड होत नाही. म्हणून चांगला शिंपी आधी खडूने रेघ ओढतो, कच्चे टाके घालतो आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा चढवून पाहतो. पक्की शिलाई त्यानंतर. चित्रपटाचा धंदा आपल्याला फार निराळा वाटतो. परंतु तेथेही माल बाजारात जाण्यापूर्वी हाच हिशेब करावा लागतो. त्यात कमावलेल्यांचा आणि गमावलेल्यांचा तजुर्बा आपल्या व्यापारी बांधवांच्याही उपयोगाचा आहे.

फिल्मचा जमाना होता तेव्हा चित्रपट फुटांवर मोजला जाई. ३५ मिलिमीटरची फिल्म एका मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे तीन तासांचा चित्रपट १६,२०० फुटांचा झाला. चित्रीकरण मात्र याच्या कितीतरी पट होते. त्यातून कामाचे तुकडे निवडून जोडणारा कारागीर म्हणजे संकलक. तो मूळ निगेटिव्हला हात लावीत नसे. तिच्यावरून काढलेली पॉझिटिव्ह प्रत कापून, चिकटवून, पुन्हा उसवून तो जुळणी करी. ही झाली कच्ची शिलाई. सर्वांची पसंती झाल्यावरच मूळ निगेटिव्ह कापली जाई. आज हे काम संगणकावर होते आणि चुकलेला तुकडा क्षणात परत जोडता येतो, पण काय ठेवावे आणि काय टाकावे ही अडचण तशीच आहे.

त्यासाठीच प्रदर्शनापूर्वी चाचणीचा खेळ ठेवतात. आपल्याकडे वितरकांना आणि ओळखीच्या मंडळींना ट्रायल दाखविण्याची जुनी रीत आहे. परंतु ओळखीचा माणूस बाहेर पडताना हात मिळवून तारीफच करतो. अमेरिकेत अनोळखी प्रेक्षकांना बोलावून, खेळ संपल्यावर त्यांच्याकडून कार्डे भरून घेण्याची पद्धत पडली.

या पद्धतीचा फायदा १९७५ साली ‘जॉज’ला झाला. मार्च महिन्यात डॅलस शहरात चाचणीचा खेळ झाला. शार्क मासा अचानक पाण्यातून डोके वर काढतो तेव्हा प्रेक्षक किंचाळले. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांना वाटले, अशी आणखी एक किंकाळी हवी. कंपनी जादा खर्चाला तयार नव्हती. तेव्हा त्यांनी पदरचे तीन हजार डॉलर घातले आणि संकलक व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात, फुटक्या बोटीतून मृत माणसाचे डोके बाहेर येते तो प्रसंग चित्रित केला. नवी किंकाळी मिळाली. मात्र स्पीलबर्ग यांनीच पुढे सांगितले की, त्यानंतर जुनी किंकाळी पहिल्याइतकी जोराची राहिली नाही. एका ठिकाणी कापड वाढविले की दुसरीकडे ओढ बसते, ती अशी. चित्रपट २० जूनला लागला, धो धो चालला आणि फील्ड्स यांना संकलनाचे ऑस्कर मिळाले.

नुकसानीचा दाखला १९४२ चा आहे. ऑर्सन वेल्स यांचा ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ दोन तासांहून लांब होता. वेल्स दुसऱ्या चित्रपटासाठी ब्राझीलला गेले होते आणि करारात अखेरच्या कैचीचा हक्क त्यांच्याकडे उरला नव्हता. मार्चमध्ये पोमोना गावी चाचणी झाली. त्या थिएटरात हलकाफुलका संगीतपट चालू होता. त्याच प्रेक्षकांना हे गंभीर चित्र दाखविले गेले. लोक भलत्या ठिकाणी हसले. काही कार्डांवर मनापासून स्तुतीही होती, पण कंपनी घाबरली. चित्रपट ८८ मिनिटांवर आणला, शेवट नव्याने चित्रित करून जोडला, तरीही तोटा व्हायचा तो झालाच. वर कापलेला भाग कंपनीने नष्ट केला. आज जगभरचे जाणकार तो शोधतात, पण हाती काही लागत नाही.

आता आपला ‘शोले’ पाहा. त्याचे संकलक एम. एस. शिंदे. त्या चित्रपटाला फिल्मफेअरचे एकच पारितोषिक मिळाले, ते त्यांच्या संकलनाला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. आणीबाणीचे दिवस होते. सेन्सॉरने हरकत घेतली म्हणून पोलीस येऊन गब्बरला पकडतात असा शेवट करावा लागला. १५ ऑगस्ट १९७५ ला चित्रपट लागला तेव्हा सुरुवातीला धंदा थंड होता. जयला जिवंत ठेवून शेवट पुन्हा बदलावा, असा विचार निर्मात्यांच्या बैठकीत निघाला. पण त्यांनी सबुरी धरली. पुढे मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला, हे सर्वांना ठाऊक आहे. मूळ शेवटाचे तुकडेही शाबूत राहिले होते, म्हणून २०२५ साली इटलीतील बोलोन्या येथे लोकांना तो शेवट पाहता आला.

यातून दुकानदाराने आणि कारागिराने काय घ्यावे? नमुना दाखवायचा तर ज्याला तो माल घ्यायचा आहे त्यालाच दाखवावा. लग्नाचा शालू पाहणाऱ्यापुढे चादर ठेवून त्याचे मत विचारू नये. गिऱ्हाईक कुठे अडखळते ते ध्यानात घ्यावे, पण दुरुस्ती कशी करायची ते कारागिराने ठरवावे. अखेरची कैची कोणाच्या हाती राहील हे करारात आधीच लिहून घ्यावे. कापलेला तुकडा लगेच फेकून देऊ नये. आणि पहिल्या आठवड्याची विक्री पाहून चांगल्या मालाला घाईने कैची लावू नये.

मशविरा दहाजणांचा घ्यावा. हात मात्र आपला असावा, आणि तो विचार करून उचलावा.