संगणक : जुळवलेला की तयार?

नवा संगणक घ्यायचा ठरले की मुंबईकरांपुढे प्रश्न उभा राहतो : लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ‘असेंबल’ करून घ्यावा, की नामांकित कंपनीचा तयार घ्यावा?

किमतींची तुलना करताना एक बाब हमखास निसटते. तयार संगणकाच्या किमतीत बहुधा विंडोजचा परवाना धरलेला असतो. जुळणी करणाऱ्याच्या कोटेशनमध्ये तो अनेकदा नसतो. परवाना आणि जीएसटी धरून पक्के कोटेशन मागावे, म्हणजे खरा फरक कळतो. लिनक्स वापरणाऱ्यांचा हा खर्च वाचतो.

जुळवलेल्या संगणकाचे बळ पुढे जाणवते. इंटेलने १९९५ साली आणलेल्या ‘एटीएक्स’ मानकानुसार बनवलेले मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी एकमेकांशी जुळतात. त्यामुळे बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. काही तयार संगणकांत मात्र पॉवर सप्लायची जोडणी कंपनीची खास असते; तेथे बाजारातला भाग बसत नाही.

दुसरी बाजू हमीची. तयार संगणक बिघडल्यास एकाच कंपनीकडे तक्रार करून भागते. जुळवलेल्यात प्रत्येक भागाची हमी वेगळी असते आणि दोष कोणत्या भागात आहे, हे आधी शोधावे लागते.

असा शोध घेणारे कोणी घरात असेल, किंवा खात्रीचा तंत्रज्ञ हाताशी असेल, तर संगणक जुळवून घ्यावा. पॉवर सप्लायवर मात्र काटकसर करू नये. ज्या दुकानाचे किंवा दवाखान्याचे काम संगणकावाचून एक दिवसही अडून चालत नाही, तेथे जागेवर येऊन दुरुस्तीची हमी देणारा तयार संगणकच बरा.