वाऱ्याची साक्ष किती खरी?

पिंपळगाव रेणुकाईची ओळख मिरचीच्या बाजारामुळे दूरवर आहे. येथील शिवारात भर दुपारी उभे राहिले की वारा एकसारखा वाहत नाही, हे अंगालाच जाणवते. झुळूक येते, थांबते, मध्येच वावटळ उठते. हवेच्या या अस्थिर हालचालीस शास्त्रात संक्षोभ म्हणतात. पिकातील व जमिनीतील ओलावा वर वाहून नेण्याचे काम मुख्यतः हा संक्षोभच करतो. म्हणून शेतातून किती पाणी उडाले, हे जाणायचे तर त्याचे मोजमाप अचूक हवे.

भारतात १९९० साली ‘मॉन्टब्लेक्स’ या मोहिमेत जोधपूर, दिल्ली, वाराणसी व खरगपूर येथे ३० मीटर उंचीच्या मनोऱ्यांवरून अशी निरीक्षणे झाली. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थाही तीत सहभागी होती. अशा कामातील ध्वनी-पवनमापक ध्वनिलहरींच्या प्रवासास लागणाऱ्या वेळेवरून वाऱ्याचा वेग काढतो. सेकंदाला २० नोंदी धरल्या, तर अर्ध्या तासात ३६,००० नोंदी होतात.

एवढ्या नोंदी असताना चूक कशी राहील? आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. एकाच दस्तऐवजाच्या शंभर नकला म्हणजे शंभर साक्षी नव्हेत, हे आम्ही जाणतो. येथेही तसेच आहे. दुपारचा एक मोठा भोवरा मनोऱ्यावरून जाण्यास काही मिनिटे लागू शकतात. त्याच्या हजारो नोंदी एकाच भोवऱ्याविषयी बोलतात. अर्ध्या तासात स्वतंत्र साक्षी थोड्याच मिळतात. यादृच्छिक त्रुटी निम्मी करायची तर निरीक्षणकाळ चौपट करावा लागतो. पण तेवढ्यात ऊन कलते आणि परिस्थितीच बदलते. म्हणून अर्धा ते एक तास, ही तडजोड रूढ झाली.

दुसरी चूक उपकरणाच्या कलाची. वारा सेकंदाला ५ मीटर वेगाने वाहत असता उपकरण केवळ १ अंश कलले, तरी सेकंदाला सुमारे ९ सेंटीमीटरचा खोटा ऊर्ध्व वेग नोंदला जातो. ही चूक कितीही वेळ मोजल्याने जात नाही. कल शोधून गणितात दुरुस्त करावा लागतो.

मिरचीला पाणी किती द्यावे, याचा हिशेब उद्या अशा आकड्यांवर बेतला जाईल. तो आकडा चुकला तर विहिरीचे पाणी वाया जाईल किंवा पीक तहानेल. म्हणून आमच्या मुलांनी आकडा पाहताच विचारावे : किती वेळ मोजले, उपकरण सरळ होते का, आणि त्रुटी किती?